कुकर नव्हे, माठ

ओक्पो, गोजे बेट,
दक्षिण कोरिया
रविवार, रात्र

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

गुरुवारी फोनवर आई रडली आणि मला धड काही बोलता आलं नाही. रेंज जात होती, मागे बाबांचा खोकला, अंगणात दादाची रिक्षा चालूच, आणि मी इथे, माझं नवं जहाज बांधलं जातंय त्या यार्डाच्या गेटवर उभी. म्हणून आज सुट्टीचं निवांत लिहायला बसले आहे. दादाने हे मोठ्याने वाचून दाखवावं. त्याच्यासाठीही यात एक काम आहे, ते शेवटी.

आई, तुझं बोलणं माझ्या कानातून जात नाही. हायवेला गॅसचा टँकर उलटला, आजूबाजूच्यांना घरं सोडायला लावली, चूल पेटवू नका, लाइटचं बटण दाबू नका म्हणून सांगत माणसं फिरली. हे सगळं टीव्हीवर बघून तू म्हणालीस, "एवढासा टँकर असा, तर तुझं जहाज म्हणजे डोंगराएवढा सिलेंडरच की. आणि त्याच्यावर माझी पोरगी बसलेली." तुझी भीती खोटी नाही. पण माझं नवं जहाज सिलेंडर नाही. ते का नाही, हे तुला नीट कळलं तर रात्री तुला झोप लागेल असं वाटतं. कळल्यावरही भीती उरली, तर निदान ती खऱ्या गोष्टीची उरेल.

आपल्याच घरापासून सुरुवात करते. तुझ्या शेगडीच्या सिलेंडरात एलपीजी असतो, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. दादाच्या रिक्षात सीएनजी, म्हणजे मिथेन. आणि आपल्या अंजनवेलच्या जेट्टीला जहाजातून उतरतो तो एलएनजी, तोही मिथेनच. म्हणजे दादाच्या सीटखाली आणि माझ्या जहाजात माल एकच आहे, फक्त त्याला लहान करायची तऱ्हा निराळी. गॅस आहे तसा भरला तर जहाजभर वारा नेल्यासारखं होईल. त्याला लहान करायला दोनच उपाय: दाबायचं, नाहीतर गार करायचं.

सिलेंडर हलवला की आत काही हिंदकळतं ना? तो द्रव. प्रोपेन आणि ब्युटेन स्वभावाने मवाळ. वैशाखाच्या उन्हातसुद्धा थोडं दाबलं की पाण्यासारखे होतात. म्हणून साध्या पत्र्याच्या टाकीत, पाच-सात बार दाबावर (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), १४.२ किलो माल मावतो. वरचा गॅस जळत गेला की खालचा द्रव उकळून त्याची जागा भरतो, त्यामुळे तुझा जाळ जवळजवळ शेवटपर्यंत सारखा राहतो आणि संपतो तेव्हा एकदम संपतो.

मिथेनचा मात्र एक हट्ट आहे. उणे ८२ अंशांपेक्षा गरम असेपर्यंत त्याला कितीही दाबा, तो द्रव होतच नाही. दादाच्या टाकीत पुरी भरल्यावर २०० बार दाब असतो, तरी आत थेंबभर द्रव नाही, नुसता कोंबलेला वारा. म्हणून त्याच्या गेजचा काटा पहिल्या किलोमीटरपासून उतरायला लागतो. पण हाच मिथेन उणे १६२ अंशांपर्यंत गार केला की मुकाट पाण्यासारखा होतो, मग त्याला दाबून ठेवावंच लागत नाही. दाबून तो साधारण अडीचशे पट लहान होतो, गार करून सहाशे पट. बाबा, या एका हट्टापायी गॅसच्या जहाजांच्या तीन वेगवेगळ्या जाती झाल्या आहेत, आणि बंदरात शेजारी उभी केली तरी त्या एकमेकींच्या नात्यातल्या वाटत नाहीत.

पहिली तीन वर्षं मी एलपीजीच्या जहाजांवर काढली. त्यातलं पहिलं लहान होतं. त्यावर खरोखरच लांबट सिलेंडरासारख्या जाडजूड टाक्या होत्या आणि माल नुसता दाबून ठेवलेला असे, गार करायची भानगड नाही. आई, तुझ्या मनात जे चित्र आहे ते त्या जहाजाचं आहे. पण अशी जहाजं लहानच राहतात, कारण दाब सोसायला पोलाद जाड लागतं, आणि टाकी जितकी मोठी तितकं पोलाद आणखी जाड करावं लागतं. मोठा व्यापार होतो तो गार केलेल्या एलपीजीचा. प्रोपेन उणे ४२ अंशांवर ठेवला की त्याला दाब लागत नाही. ब्युटेनला तर बर्फाइतका गारवा पुरतो. नंतरचं माझं जहाज तसं होतं, ८४,००० घनमीटरचं. एका खेपेत ४५ हजार टनांच्या आसपास माल. म्हणजे तुझ्या मापाने ३१ लाखांवर सिलेंडर. आखातातून भरायचं आणि कांडला, मंगळूर असं भारताच्या किनाऱ्यावर रिकामं करायचं. आपल्या देशात लागणाऱ्या एलपीजीतला निम्म्याहून अधिक बाहेरून येतो, त्यामुळे आळीतल्या कुणाकुणाच्या चुलीवर मी आणलेला गॅस पेटला असेल, हे मनात यायचं आणि बरं वाटायचं.

त्या जहाजावरची एक रात्र तुम्हाला कधी सांगितली नव्हती. गार केलेला एलपीजी बाहेरच्या उष्णतेने सारखा थोडा थोडा उकळत असतो. ती वाफ ओढून घ्यायची, कॉम्प्रेसरने दाबायची, समुद्राच्या पाण्याने थंड करून तिचा परत द्रव करायचा आणि टाकीत सोडायचा, हे चक्र रात्रंदिवस चालू लागतं. ऑगस्ट महिना होता, आखातातलं पाणीच ३५ अंशांवर. अशा पाण्याने वाफ आधीच रडतखडत थंड होते. त्यात पहाटे दोनच्या सुमारास जेलीफिशचा थवा आला आणि पाणी घेण्याच्या गाळण्या चोंदल्या. कॉम्प्रेसर एकामागून एक बंद पडले. टाकीतला दाब हळूहळू चढायला लागला. स्फोट होण्यासारखं काही नव्हतं. ठरलेल्या आकड्याला व्हॉल्व्ह उघडून गॅस मास्टवरून हवेत गेला असता. पण एलपीजी हवेपेक्षा जड. वारा पडलेल्या रात्री तो डेकवर उतरतो आणि साचतो. इंजिन रूममधला मोटरमन आणि मी दोघांनी चार तास गाळण्या उघडायच्या, हातांनी तो लगदा काढायचा, परत बसवायच्या, असं केलं. सहा वाजता काटा खाली वळला. आई, हायवेवरच्या लोकांना चूल पेटवू नका म्हणाले ते याच जडपणामुळे. सांडलेला एलपीजी वर उडून जात नाही. ओढ्याच्या पाण्यासारखा उतार शोधत जमिनीलगत जातो आणि एखाद्या खोलगटीत ठिणगीची वाट बघत बसतो.

आता या नव्या जहाजाबद्दल.

ओक्पो हे गोजे बेटावरचं गाव. इथल्या खाडीत १५९२ साली यी सुन-शिन या कोरियन सरदाराने जपान्यांच्या आरमाराला पहिला तडाखा दिला. गावाला त्याचा अजून मोठा अभिमान आहे. बाबा, तुम्ही इथे असता तर रमला असता. किनाऱ्याला मासळी वाळत घातलेली, वास थेट वेलदूरच्या बंदराचा. आणि या खाडीवरच ते यार्ड. एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच होती: आपल्या देशात पहिला एलएनजी जानेवारी २००४ मध्ये गुजरातेत दहेज बंदराला आला, तो 'दिशा' नावाच्या जहाजातून. ती 'दिशा' याच खाडीत बांधली. मी रोज ज्या गोदीच्या कडेने चालत जाते तिथूनच ती निघाली असणार, या विचाराने मला पहिल्या दिवशी भरून आलं होतं.

माझं जहाज १,७४,००० घनमीटरचं आहे, लांबी ३०० मीटरला थोडी कमी. आत चार टाक्या. टाकी म्हणजे काय, तर आठ-नऊ मजली इमारत मावेल एवढी रिकामी खोली. पहिल्यांदा आत उतरले तेव्हा सगळीकडून चांदीसारखं चकाकत होतं, आणि मी वेल्डरला विचारलं की भिंत किती जाड आहे. त्याने खिशावरचं ओळखपत्र काढून दाखवलं. ०.७ मिलिमीटर. दादाच्या एटीएम कार्डाएवढी.

आई, लगेच घाबरू नकोस. ही पातळ भिंत दाब सोसायला नाहीच. तिचं काम फक्त द्रव बाहेर जाऊ न देण्याचं. वजन पेलतं ते जहाजाचं अंग, आणि मध्ये थंडी अडवणारी लाकडी खोकी बसवलेली असतात, प्लायवूडची, आत थंडी रोखणारा माल भरलेली. खोक्यांचे दोन थर आणि पातळ पत्र्याचेही दोन थर: एक फुटला तर दुसरा आहे. मधल्या पोकळीत सतत नायट्रोजन फिरता ठेवतात आणि त्याचा नमुना मशीन दिवसरात्र हुंगत असतं. मिथेनचा मागमूस लागला तरी कंट्रोल रूममध्ये घंटा वाजते.

तो पत्राही साधा नाही. साधं पोलाद एवढ्या थंडीत आकसतं आणि काचेसारखं ठिसूळ होतं. हा आहे इन्व्हार, लोखंडात ३६ टक्के निकेल घातलेला. शार्ल गियोम नावाच्या शास्त्रज्ञाने तो १८९६ साली शोधला, आणि त्याला १९२० चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. गरम करा, गार करा, हा धातू जवळजवळ आपली जागा सोडत नाही. त्याचं एकच दुखणं: हाताच्या घामानेही त्याला गंज चढतो. म्हणून टाकीत हातमोज्यांशिवाय कुणी हात लावत नाही, हवा कोरडी ठेवतात, खिसे रिकामे करून, बुटांवर कापडी खोळ चढवून आत जायचं. हत्यारं दोरीने मनगटाला बांधलेली.

माझ्या हातून इथे एक चूक झाली. तिसऱ्या दिवशी परांचीवर उभी असताना माझ्या टॉर्चची दोरी निसटली आणि टॉर्च खाली पडला. आवाज एवढासाच झाला, पण सगळी टाकी गप्प झाली. मी स्वतःहून जाऊन सांगितलं. त्यांनी त्या जागेभोवती खडूने गोल काढला, भिंगाने बघितलं, रंग लावून तपासलं. भोक नव्हतं, लहानसा पोचा होता. तरी त्या पट्टीची नोंद झाली, दुरुस्ती झाली, आणि दोन वेगवेगळ्या माणसांनी सह्या केल्या. कुणी मला रागावलं नाही. पण तो खडूचा गोल अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आता सगळं जोडून झालं की पोकळ्यांत हेलियम भरून इंच न् इंच गळती शोधतील, तेव्हा मी त्या पट्टीपाशी स्वतः उभी राहणार आहे.

आई, आता दाबाचं ऐक. आपला कुकर शिटी देतो तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो. माझ्या टाकीत रोजचा दाब एका बारच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. पाव बार झाला की व्हॉल्व्हच उघडतात. म्हणजे एवढं अजस्र जहाज, पण तुझ्या डाळ-भाताच्या कुकरापेक्षा कितीतरी कमी दाबाचं. म्हणून म्हणते की ते कुकर नव्हे, माठ आहे. खरोखर माठ. माठातलं थोडं पाणी झिरपून उडून जातं आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून माठातलं पाणी गार राहतं. एलएनजीचं अगदी तसंच. दिवसाला हजारातला एखादा भाग उकळून जातो, आणि त्याच्या जाण्याने बाकीचा उणे १६२ वर टिकून राहतो. बाहेर समुद्र ३० अंशांचा, मध्ये अर्ध्या मीटरच्या आसपास खोक्यांची भिंत, आणि त्या माठाला थंड ठेवणारं वेगळं यंत्र लागत नाही. उडालेली वाफ आम्ही वाया घालवत नाही. तीच इंजिनात जाळून जहाज चालतं. एलपीजीच्या जहाजावर वाफ परत द्रव करायची धडपड होती, इथे तिच्यावरच आमचं पोट. मिथेन हवेत सोडणं पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी जास्त जाचतं, त्यामुळे मला हा हिशोब मनापासून पटतो.

तुझ्या स्वयंपाकघरातल्या आणखी दोन गोष्टी या जहाजावर आहेत. काचेच्या पेल्यात एकदम उकळता चहा ओतला तर पेला तडकतो, इथे उलट. गरम टाकीत एकदम एलएनजी सोडायचा नाही. आधी ओल काढून कोरडी करायची, हवा काढून टाकायची, मग मिथेनची वाफ भरायची, मग वरून बारीक तुषार मारत तासन् तास गार करत न्यायची, आणि मगच माल घ्यायचा. दर खेपेला हे करावं लागू नये म्हणून माल उतरवताना तळाशी थोडा शिल्लक ठेवतात. परतीच्या वाटेवर तो टाकी थंड ठेवतो. सगळे त्याला 'हील' म्हणतात. मी मनात विरजण म्हणते. दुसरी गोष्ट अर्ध्या घागरीची. भरलेली घागर डोक्यावर गप्प राहते, अर्धी हिंदकळते. या टाक्यांच्या भिंती सपाट आणि नाजूक, आत अडसर काही नाही, त्यामुळे अर्धवट भरून समुद्रात जाणं मना आहे: एक तर काठोकाठ, नाहीतर तळाला विरजणापुरतं. एलपीजीच्या टाक्यांत मध्ये उभ्या भिंती घातलेल्या असतात, तिथे एवढी काळजी नसे.

सगळीच एलएनजी जहाजं अशी नसतात. आखातात मी काही पाहिली, ज्यांच्या डेकवर अॅल्युमिनियमच्या चार-पाच प्रचंड गोल टाक्यांचे घुमट वर आलेले दिसतात, उलट्या ठेवलेल्या कढयांसारखे. ती रचना नॉर्वेतली. दुरून जहाज ओळखायचं तर तीच सोपी.

बाबा, तुम्ही विचारलंत की दाबलेल्या गॅसची, म्हणजे सीएनजीची, जहाजं का दिसत नाहीत. एलएनजीची जगात सातशेहून जास्त आहेत. सीएनजीची बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नाहीत. विचार जुना आहे, १९६० च्या दशकात अमेरिकेत बाटल्यांनी भरलेलं जहाज करून बघितलं होतं. पण सीएनजी वाहण्यासाठीच बांधलेलं आणि खरोखर कामाला लागलेलं पहिलं जहाज आलं ते २०१६ साली, इंडोनेशियात. नाव 'जयंती बरुणा'. बरुणा म्हणजे आपला वरुणच. मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, फोटो आणि आराखडे पाहिलेत. लांबी सुमारे ११० मीटर. पोटात शेकडो पोलादी नळकांडी, एकमेकांना पाइपांनी जोडलेली. जावातल्या ग्रेसिकहून लोंबोक बेटावरच्या वीजकेंद्राला गॅस पोचवायला ते बांधलं.

दादाला हे मी न सांगताही समजेल. पाइपलाइन नसलेल्या पंपावर नळकांड्यांची रचलेली चळत घेऊन ट्रक येतो ना, ज्याच्यासाठी तू तासभर रांगेत उभा असतोस? तो ट्रक पाण्यावर घातला की झालं सीएनजीचं जहाज. आणि त्या रांगेत जे जे तुला छळतं, ते ते त्या जहाजालाही छळतं. चळत भरलेली असते तेव्हा तुझी टाकी भराभर भरते, उतरत आली की रखडते. कारण गॅस स्वतःच्या दाबाने वाहतो. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की थांबतो. एलएनजीच्या टाकीत पंप घातला की द्रव निमूट वर चढतो. सीएनजीला शेवटी कॉम्प्रेसरने ओढून काढावं लागतं, तरी थोडा आत राहतोच. पंपावर काटा २०० दाखवतो आणि घरी येईपर्यंत उतरलेला असतो, हेही तुला माहीत आहे: भरताना गॅस तापतो, नंतर निवतो. जहाजाच्या नळकांड्यांतही तेच, आणि उतरवताना उलट, एकदम सुटलेला गॅस इतका गार होतो की व्हॉल्व्हवर हिम धरतं.

खरी अडचण वजनाची. मोटारीतली ६० लिटरची पोलादी सीएनजी टाकी ६० किलोच्या आसपास भरते आणि तिच्यात गॅस मावतो जेमतेम दहा किलो. हेच प्रमाण जहाजाला लावून बघा: वाहायचा गॅस आणि समुद्रभर फिरवायचं पोलाद. 'जयंती बरुणा'चा सगळा माल मोकळा सोडला तर साडेसहा लाख घनमीटरच्या आसपास होतो. माझ्या जहाजातला दहा कोटींच्या वर. म्हणजे माझ्या एका खेपेला तिला दीडशेहून जास्त फेऱ्या.

तरी मला ते जहाज आवडतं, आणि त्याला कमी लेखू नये असं वाटतं. मिथेन द्रव करायचा कारखाना अवाढव्य असतो, आणि गॅसचाच आठ-दहा टक्के भाग तिथे त्या कामात खर्ची पडतो. उतरवायच्या बंदरावर परत थंडी सोसणाऱ्या टाक्या, गरम करायची यंत्रं, हे सगळं लागतं. लहान बेटाला, तीन-चारशे किलोमीटरवर, थोडाच गॅस हवा असेल तर एवढा थाट कशाला? सीएनजीला थंडी लागत नाही, विरजण लागत नाही, टाकी हिंदकळत नाही, उकळून काही जात नाही. एक कॉम्प्रेसर इकडे, एक पाइप तिकडे. कायदाही वेगळा आहे. आम्हा एलपीजी-एलएनजीवाल्यांना आयजीसी कोड, म्हणजे गॅसच्या जहाजांचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू होतो, पण तो द्रव केलेल्या गॅससाठी लिहिलेला; दाबलेल्या गॅसच्या जहाजाला क्लास सोसायट्यांनी, म्हणजे जहाजं तपासून दाखला देणाऱ्या संस्थांनी, नियम निराळे केले.

आणि आई, तुझी भीती नेमकी कुठे बसते ते आता तूच बघ. दाबून ठेवलेला डोंगर म्हणायचं तर ते सीएनजीचं जहाज, माझं नव्हे.

अंजनवेलच्या टेकडीवरून २०१३ पासून तुम्ही जी जहाजं बघता ती माझ्या जहाजाच्या जातीची. बाबा दरवर्षी मे अखेर म्हणायचे, "गेली बघ, आता दसऱ्यापर्यंत नाय यायची." ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, पुरं नसल्याने बरीच वर्षं पावसाळ्यात ती जेट्टी बंदच असायची. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला प्रश्न पडायचा, एवढं मोठं जहाज लाटेला का घाबरतं? आता कळतं. उणे १६२ च्या मालाचे पाइप किनाऱ्याला जोडलेले असताना जहाज ठरलेल्या मर्यादेबाहेर इकडे-तिकडे सरकलं की काम थांबवावं लागतं. त्या जेट्टीवर उतरलेला द्रव किनाऱ्यावर परत तापवून वारा करतात, तो पाइपलाइनने जातो, आणि कुठल्यातरी पंपावर २०० बारला दाबून कुठल्यातरी रिक्षात भरतात. एकच गॅस, तीन वेळा रूप बदललेला.

धोका काहीच नाही असं मी लिहिणार नाही, तुला खोटं सांगून शांत करायचं नाही. २० ऑक्टोबर १९४४ ला अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात एलएनजीची जमिनीवरची टाकी फुटली. तिच्या पोलादात निकेल कमी होतं, थंडीने ते ठिसूळ झालं. द्रव रस्त्यावरून, गटारांतून पसरला आणि पेटला. १३० च्या आसपास माणसं गेली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९५९ च्या जानेवारीत, 'मिथेन पायोनियर' हे पहिलं जहाज लुइझियानाहून निघून फेब्रुवारीत इंग्लंडात टेम्स नदीच्या मुखावरच्या कॅनव्ही बेटाला पोचलं, अॅल्युमिनियमच्या टाक्या आणि बाल्सा लाकडाचं वेष्टण घेऊन. आज टाकीत मी जे जे नियम पाळते, त्यातल्या पुष्कळांच्या मागे क्लीव्हलंडची ती माणसं आहेत. उलट १९७९ मध्ये 'एल पासो पॉल कायसर' हे भरलेलं जहाज जिब्राल्टरजवळ पूर्ण वेगात खडकावर चढलं. तळ फाटला, आतली पातळ भिंत दबली, पण माल सांडला नाही. तो दुसऱ्या जहाजात काढून घेतला. मला त्या पातळ पत्र्यावर विश्वास आहे तो अशा गोष्टींमुळे.

मी घाबरते ते नायट्रोजनला. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो भरलेल्या बंद जागेत शिरलेला माणूस दोन श्वासांत खाली पडतो. त्याला काढायला धावलेला दुसराही पडतो. जहाजांवर अशी माणसं गेलेली आहेत. म्हणून माझ्या छातीवर ऑक्सिजनचं मीटर असतं आणि २०.९ आकडा दिसल्याशिवाय मी कुठल्याही झाकणात डोकं घालत नाही, मग आत कुणीही हाका मारत असो. हे मी तुला वचन म्हणून लिहून देते. थंडीचंही भय आहे: एलएनजी साध्या पोलादावर सांडला तर डेकला भेग जाऊ शकते, हातावर सांडला तर भाजल्यासारखं होतं. म्हणून पाइप जोडायच्या जागी खाली स्टीलची परात असते आणि माल घेताना जहाजाच्या अंगावरून पाण्याचा पडदा सोडलेला असतो.

पुढच्या महिन्यात समुद्रावरची चाचणी, मग गॅस ट्रायल, म्हणजे टाकीत पहिल्यांदा खरा एलएनजी घेणार. त्या दिवशी फोन लागणार नाही, काळजी करू नका.

आता दादाचं काम. दादा, तुझ्या सीटखाली २०० बार आहेत. माझ्या जहाजावर मालाच्या कुठल्याच टाकीत नाहीत तेवढे. त्या टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाची तपासणी करावी लागते, आणि मागच्या गणपतीत मी आले होते तेव्हा तिच्यावरची तारीख गंजाने नीट वाचता येत नव्हती. उद्याच सीट उचल, फडक्याने पूस, आणि तारखेचा फोटो मला पाठव. तारीख गेली असेल तर टेस्ट होऊन येईपर्यंत रिक्षा काढू नकोस. त्या दिवसांचे पैसे मी पाठवते. आणि आईच्या शेगडीची केशरी नळी बदलून पाच वर्षं झाली असतील, तीही याच फेरीत बघ. रात्री रेग्युलेटर बंद करायला वहिनीला सांग. तो गॅस जड आहे, झोपलेल्या माणसाच्या पातळीलाच साचतो.

बाबांनी खोकल्याचं औषध बंद केलेलं दिसतंय. आई, सुक्या जवळ्याची एक पिशवी कुणी मुंबईहून येणारं असेल तर दे. इथली मासळी चांगली आहे, पण जवळा नाही.

तुमची,
धाकटी